मध्यवर्ती ‘संघर्ष’ की ‘द्वंद्व’?

विचारणा: पुण्यातील आमच्या वाचनमंडळासाठी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या हरि नारायण आपटे यांच्या कादंबरीवर टिपण लिहिताना मी ‘यमूचा संघर्ष’ असे शब्द योजले. एका ज्येष्ठ सदस्यांनी ते खोडले. यमू झगडत नाही, सोसते. तेव्हा संघर्ष कसला, असे त्यांचे म्हणणे आहे. मग कोणता शब्द योजावा?

प्रतिसाद: ‘द्वंद्व’ लिहावे. वर्तमानपत्रांमुळे ‘संघर्ष’ म्हटले की मोर्चाच डोळ्यांपुढे येतो. नवऱ्याने यमूला शिकवले आणि त्याच्या निधनानंतर तिचे केशवपन झाले. जागे झालेले मन आणि लादलेले वैधव्य यांचा झगडा तिच्या अंतरात आहे.

प्रतिसाद: असहमत आहे. ‘द्वंद्व’मध्ये दोन पक्ष तुल्य मानलेले असतात, समासातही दोन्ही पदे प्रधान असतात. यमू आणि रूढी तुल्यबळ कोठे आहेत? ‘संघर्ष’ हा ‘घृष्’ म्हणजे घासणे या धातूपासून आला आहे. सहाणेवर खोड झिजते, सहाणेला फारसे काही होत नाही. यमूचे नेमके तेच झाले.

प्रतिसाद: व्युत्पत्ती सुंदर असली तरी आजचा वाचक धातू पाहून अर्थ लावत नाही. शिवाय कोण कोणाशी भांडतो एवढेच शोधले की फसगत होते. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यातच प्रथम रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये वरवर घाशीराम विरुद्ध पुणेकर असा सामना दिसतो, पण घाशीरामाला उभा करून काम संपताच लोकांच्या हवाली करणारे नाना नजरेआड झाले, तर नाटक हातातून निसटते. कोणाला काय हवे आहे आणि त्याच्या आड काय येते, हे विचारावे. त्या अडचणीला मी ‘पेच’ म्हणेन.

प्रतिसाद: ‘पेच’ फारसी आहे. समीक्षेच्या परिभाषेत संस्कृतोद्भव शब्दच शोभतात.

प्रतिसाद: ‘कागद’ आणि ‘शाई’ही फारसीतूनच आले, त्यांच्यावाचून समीक्षा लिहिणार कशी? माझे आजोबा कसब्यातील तालमीत जात. प्रतिस्पर्ध्याला सुटता येऊ नये अशा पकडीला ते पेचच म्हणत. यमूला तर हाच शब्द चपखल आहे.

प्रतिसाद: तालमीत ‘डाव’ म्हणत. ‘डावपेच’ या जोडशब्दातून आपल्या आजोबांनी ‘पेच’ वेगळा काढला असावा.

प्रतिसाद: मुळीच नाही. पतंगाचा पेच डावाशिवायच लागतो, तो कोठून आला ते आधी सांगावे.