मदत हवी आहे: बाबांचं बीपी उभं राहिलं की पडतं, आडवं झालं की चढतं

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह वीसेक वर्षांचा. रात्री इन्सुलिन, दिवसा मेटफॉर्मिन. तळपायांची आग, मुंग्या हे जुनंच. हल्ली मात्र सकाळी अंथरुणातून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या आठवड्यात बाथरूमच्या दारात पडले. लगेच शुगर बघितली तर १४०, म्हणजे शुगर उतरली नव्हती.

फिजिशियननी आडवं असताना बीपी घेतलं, १६२/८८. उभं करून दोन मिनिटांनी १२४/७०. वरचं बीपी २० ने पडलं तरी ते जास्तच धरतात म्हणे. त्यांना जास्त खटकली ती नाडी. दोन्ही वेळा १०२-१०४! बीपी एवढं पडल्यावर नाडी वाढायला हवी, ती हललीच नाही. मधुमेहाने हृदयाच्या नसा (रक्तवाहिन्या नव्हे, ठोके आणि बीपी सांभाळणारे मज्जातंतू) बिघडल्या असाव्यात, ऑटोनॉमिक न्यूरोपथी, असं ते म्हणाले. बाबांचं म्हणणं, "छातीत दुखत नाही, मग हृदयाला काय झालंय?" आता त्यांना कसं सांगू, की या आजारात अटॅकसुद्धा न दुखता येऊ शकतो?

बीपीची गोळी वाढवली तर सकाळी तोल जातो, कमी केली तर रात्री १७० च्या वर. त्यात प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे, ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं. त्यानेही बीपी पडतं ना?

शिवाय पुढच्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन. सर्जन म्हणतात ईसीजी, टूडी एको नॉर्मल आहे, काळजी नको. पण नसांचा बिघाड एकोत कुठून दिसणार? ईसीजी लावून मिनिटाला सहा खोल श्वास घ्यायला लावतात, ती या नसांची तपासणी सांगली-मिरज-कोल्हापूरकडे कुठे होते? कुणाच्या घरी असं झालंय का?

प्रतिसाद:
माझ्या आईला हेच होतं. तपासणीसाठी जवळच्या मेडिकल कॉलेजात मेडिसिन किंवा न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत विचारा. टॅमसुलोसिनने बीपी पडू शकतं, पण मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची एकच यादी करून दोन्ही डॉक्टरांना दाखवा. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना मुद्दाम वेगळं भेटा आणि आडव्या-उभ्याचे आकडे कागदावर लिहून न्या. भुलेत बीपी अचानक कोसळू शकतं, त्यांना आधी कळलं तर ते तयारीत राहतात.

आम्ही आईच्या पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. त्याने रात्रीचं चढणं थोडं आटोक्यात आलं. उठताना आधी पाय खाली सोडून दोन-तीन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. रात्री लघवीसाठी पलंगाजवळ भांडं ठेवा, अंधारात जाणं नकोच. कुणी मीठ वाढवा म्हणेल, पण आडवं असताना १६० असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि अचानक दम लागला, दरदरून घाम फुटला, तर छातीत दुखो न दुखो, थेट दवाखाना आणि ईसीजी. आईचा अटॅक असाच, नुसत्या घामावर कळला.