जॅझ आणि अमेरिकन चित्रकार (१९२० ते ४० ची दशकं): वाद्य काढलं की झालं का?

कुंचला२२:
नमस्कार, मी पेंटिंगच्या थर्ड इयरला आहे, टिळक रोडला रूमवर राहते. आर्ट हिस्टरीच्या सबमिशनला अमेरिकेतले जॅझवाले आणि चित्रकार असा विषय घेतलाय आणि सुरुवात आर्चिबाल्ड मोटलीच्या 'नाइटलाइफ'पासून केलीये (१९४३, शिकागोच्या ब्राँझव्हिल या काळ्या लोकांच्या वस्तीतला बार, सगळीकडे जांभळट गुलाबी उजेड, माणसं नाचतायत, मला ते चित्र प्रचंड आवडतं). पण व्हायव्हाला सर म्हणाले हा पार्टीचा सीन झाला, यात जॅझ कुठंय? दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय. गाणं चित्रात उतरतं म्हणजे नक्की काय होतं? प्लीज कोणीतरी नीट सांगा, पुढच्या आठवड्यात फाईल द्यायचीये.

जुना पेठकर:
सरांचा प्रश्न चांगला आहे पण नुसता पार्टीचा सीन म्हणणं मला पटत नाही. ती माणसं त्या बारमध्ये आली कुठून ते बघ. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतले कृष्णवर्णीय लोक लाखांनी शिकागो, न्यूयॉर्कला यायला लागले, शेतमालकाचं कर्ज आणि जमावाची मारहाण मागे टाकून, आणि गाणं त्यांच्याबरोबरच आलं. मोटली स्वतः न्यू ऑर्लीन्सचा, लहान असतानाच घरचे शिकागोला आले. आता दुसरीकडे बघ, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबात १९२७ पासून ड्यूक एलिंग्टनचा बँड वाजायचा, वाजवणारे काळे आणि गिऱ्हाईक गोरं. अशा काळात मोटली काळ्या माणसांना गिऱ्हाईक म्हणून टेबलाशी बसवतो, त्यांच्या पैशानं, त्यांच्या रात्री. हे लहान काम नाही.
आरन डग्लसचं 'साँग ऑफ द टॉवर्स' पण घे (१९३४, हार्लेमच्या लायब्ररीसाठी केलेल्या चार पॅनेलांपैकी एक). भल्यामोठ्या दातेरी चाकावर एकजण सॅक्सोफोन उंच धरून उभा आहे, भोवती फिकट वर्तुळं पसरत गेलीयेत, आणि त्या वर्तुळांच्या मधोमध लांबवर एवढीशी लिबर्टीची मूर्ती. खालून दुसरा माणूस बॅग घेऊन चाकावर चढतोय. वर्तुळं आवाजाची आहेत, पाण्यात खडा टाकल्यावर येतात तशी.

तीनताल:
काका, पटलं, पण तिचा प्रश्न वेगळा आहे ना. वाद्य न काढता जॅझ दिसतो का? दिसतो. स्टुअर्ट डेव्हिसचं 'स्विंग लँडस्केप' बघ, १९३८ चं, साधारण १४ फूट लांब, ब्रुकलिनच्या सरकारी घरांसाठी काढलेलं. एकही वाद्य नाही त्यात! ग्लॉस्टर बंदरातले दोर, डोलकाठ्या, शिड्या, आणि रंग असे ठेवलेत की नजर एका जागी थांबतच नाही. हा माणूस शिकत असताना नेवार्कच्या दारूच्या गुत्त्यांत जाऊन काळ्या पियानोवाल्यांना ऐकायचा.
आणि खरी गोष्ट पुढे आहे. रोमेअर बिअर्डन नावाचा तरुण चित्रकार त्याच्याकडे यायचा, त्याला डेव्हिसनं सांगितलं की अर्ल हाइन्सचा पियानो ऐक, सुरांपेक्षा दोन सुरांमधल्या जागा ऐक. मी तबला वाजवतो, मला हे वाचून अंगावर काटा आला. तीनतालात नवव्या मात्रेला 'खाली' (रिकामी जागा) येते, त्या भागात डग्ग्याची घुमार थांबते, टाळी नाही, हात नुसता हलतो, पण ती जागा नसेल तर सम (तालाची पहिली मात्रा) येतेय हे ऐकणाऱ्याला कळणारच नाही. बिअर्डननं पुढे कागद कापून कोलाज केले त्यात दोन तुकड्यांमधली जागा तेच काम करते. म्हणून म्हणतो, वाद्य कुठंय ते शोधू नको, ती 'खाली' कुठंय ते शोध.

अनघा औंध:
तीनताल, किती छान सांगितलंत. मोंद्रियान राहिला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं जर्सीत होतो तेव्हा न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये 'ब्रॉडवे बूगी वूगी' बघितलं, सव्वा मीटर बाय सव्वा मीटर, मला वाटलेलं भिंतभर असेल. हा डच माणूस ६८ व्या वर्षी युद्धामुळे न्यूयॉर्कला आला आणि बूगी वूगीच्या (डाव्या हाताचा ठेका सतत चालू ठेवणाऱ्या) पियानोनं वेडा झाला. आधीच्या चित्रांतल्या काळ्या रेघा इथे गायबच आहेत, पिवळ्या पट्ट्या आणि त्यावर लाल, निळे, करडे बारके चौकोन. जवळ गेलं की दिसतं चौकोन सारखे नाहीत, कुठे लांबट, कुठे दाटीवाटीनं. डावा हात तोच ठेका धरून बसलाय आणि उजवा मनाला येईल तिथे बोटं टाकतोय असं वाटलं मला.

कुंचला२२:
काका, दादा, ताई, खरंच थँक्यू. रात्री हेडफोन लावून ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकलं (१९२८, पियानोवर हाइन्सच आहे) आणि मग 'नाइटलाइफ' परत उघडलं. आधी मी फक्त नाचणारे बघत होते. आता बघितलं तर हात, खुर्च्या, बाटल्या सगळं तिरकं, कलत्या रेघांवर बसवलंय, एकामागून एक, आणि मध्ये उजेडाचे तुकडे मोकळे सोडलेत. सरांना हेच ट्रेसिंग पेपरवर आखून दाखवणार आहे.

जुना पेठकर:
शाब्बास! ट्रेसिंग फाईलमध्येच लाव. अजून एक, हाइन्स ऐकतेयस तर टेडी वेदरफोर्ड पण ऐक, तोही शिकागोचाच पियानोवाला, १९२६ मध्ये अर्स्किन टेटच्या बँडमध्ये आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेलं त्याचं रेकॉर्ड आहे. हा नंतर मुंबईला ताज हॉटेलमध्ये वाजवायचा आणि १९४५ ला कलकत्त्यात गेला. म्हणजे आपले आजोबा लोक ट्रेननं मुंबईला जात होते त्याच काळात हे सूर तिथं ऐकू येत होते.

कुंचला२२:
ताजमध्ये?? काका, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. लावलंय आत्ता.