न्यू जर्सीला निघालेल्या काका-काकूंची औषधं

बी-३०४ काकू: मंडळी, लेकीच्या बाळंतपणाला आम्ही दोघं न्यू जर्सीला निघालोय. पाच आठवडे राहिलेत. सहा महिने मुक्काम. ह्यांना शुगर, बीपी दोन्ही, इन्सुलिन दोन वेळा. डिंकाचे लाडू, बाळंतविडा सगळं तयार आहे, पण औषधांचं काय काय करावं लागतं? जाऊन आलेल्यांनी सांगा.

ए-१०२ नाना: विमा काढताना शुगर-बीपी लपवू नका, अगदी आधीपासून लिहून द्या. पुढे क्लेमच्या वेळी तेच काढतात. आणि दाताचं काही राहिलं असेल तर इथेच उरका. तिकडे फार महाग, आणि बहुतेक विम्यात बसत नाही.

डी-२०५ अनघा: काकू, बाळाजवळ राहणार म्हणजे डांग्या खोकल्याचं इंजेक्शन लागेल. मोठ्यांसाठीचं असतं, टीडॅप म्हणतात. बाळाला भेटायच्या निदान दोन आठवडे आधी घ्यायला सांगतात, म्हणजे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. फ्लूचंही विचारा.

सी-४०१ मेधा: काकू, जरा मोठं लिहिते, पण काकांना नक्की वाचून दाखवा.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनचं सामान जिथे असतं तिथे ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. पातळ पदार्थांना १०० मिलीची मर्यादा आहे ती औषधाला नाही, सिक्युरिटीला डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची. चिठ्ठीत ब्रँड नको, औषधाचं मूळ नाव हवं. तिकडे पॅरासिटामॉलसुद्धा वेगळ्या नावाने, अ‍ॅसिटामिनोफेन म्हणून मिळतं.

आता मुख्य. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बऱ्याचदा ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीत ४०. त्यांची सिरिंज लाल टोपणाची, तिच्या रेघा त्या ४० च्याच हिशोबाच्या. अमेरिकेत बाटली १०० ची. बाबांची बाटली तिकडे फुटली, तर भावाने दुकानातून नवी आणली. बाबांनी सवयीने आपली लाल टोपणाची सिरिंज १५ च्या रेघेपर्यंत भरली. १५ च्या जागी ३७ च्या वर युनिट गेली, अडीच पट! तासाभरात बाबा घामाने चिंब, हात इतके थरथरत होते की ग्लास धरता येईना. शुगर ४८ वर उतरलेली. आईने चमच्याने साखरेचं पाणी पाजलं, थोडं थोडं करत. मी फोनवर नुसतं 'पाजत राहा' म्हणत होते. निभावलं. पण तो ग्लास अजून डोळ्यांसमोर येतो.

बी-३०४ काकू: अगं बाई! हे तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

सी-४०१ मेधा: म्हणूनच लिहिलं. बाटलीऐवजी इन्सुलिनचं पेन असेल तर ही भानगड साधारण नसते, ती इथली-तिथली १०० चीच. बाटली असेल तर डॉक्टरांना विचारून निघण्याआधी पेनवर या. चार-पाच आठवडे इथेच टोचून सवय होईल. आणि विमानातले डोस कधी घ्यायचे तेही लिहून घ्या, घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास मागे जातं.

ए-१०२ नाना: सहा महिन्यांचा साठा नेता येतो का?

सी-४०१ मेधा: नाही नाना, साधारण ९० दिवसांपुरताच. आणि आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी तिकडच्या मेडिकलवर चालत नाही. लेकीला आत्ताच तिकडच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याची. बाळ आल्यावर तिला उसंत मिळणार नाही. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच न्या, डबीत काढू नका.

डी-२०५ अनघा: काका, फ्रीजमधली बाटली जरा बघता का? किती लिहिलंय?

बी-३०४ काका: चष्मा लावून पाहिलं. ४० च आहे.

सी-४०१ मेधा: मग उद्या डॉक्टरांकडे मी येते. अकराला गेटपाशी या. बाटली, सिरिंज दोन्ही पिशवीत घ्या.

बी-३०४ काकू: येतो गं. आणि ते डांग्या खोकल्याचंही तिथेच विचारते.