विमानतळ ते रिसॉर्ट: दोन लहान मुलं बरोबर, रात्रीचं विमान

नमस्कार मंडळी,

सुट्टीत आम्ही चौघं समुद्रकाठच्या एका रिसॉर्टला निघालोय. धाकटा 14 महिन्यांचा, मोठी 4 वर्षांची. विमान रात्री साडेआठला उतरतं आणि पुढे रस्त्याने दोन तास. रिसॉर्टची शटल आहे, टॅक्सी मिळते, गाडी भाड्यानेही घेता येईल. लहान मुलांना घेऊन कोणी असा प्रवास केला असेल तर काय निवडलंत ते कळवाल का? कार सीट इथून न्यावी की नाही, यावर घरात अजून एकमत नाही.

---

ताई, नमस्कार.

आधी सीटचं ठरवा, मग गाडीचं. आपण सगळे उलटं करतो. गाडी बुक होते आणि सीटची आठवण विमानतळाबाहेर सामान चढवताना येते. तेव्हा ड्रायव्हर म्हणतो, "घ्या मांडीवर, जवळच आहे." आपणही दमलेले असतो, ऐकतो.

मांडीवरचं मूल आपण धरून ठेवू शकत नाही, हे आकड्यांत पाहा. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरच्या आत थांबली, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला हातांना जवळजवळ 200 किलोचा जोर लागेल. तेवढी ताकद कुणाच्याच हातात नसते. बऱ्याच ठिकाणी कायदा टॅक्सीला सीटच्या नियमातून सूट देतो. त्यामुळे ड्रायव्हर "चालतं" म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण त्या सुटीने बाळ सुरक्षित होत नाही.

तुमच्या धाकट्याला मागे तोंड करून बसवायची सीटच हवी. आर129 या युरोपीय नियमात किमान 15 महिन्यांपर्यंत ते बंधनकारक आहे, आणि त्यानंतरही जितके दिवस जमेल तितकं बरं. अशी सीट चालू एअरबॅगसमोर, म्हणजे पुढच्या जागेवर, कधीच लावू नका. मोठीला बूस्टर (मुलाला उंच बसवणारी बैठक, जिच्यावर गाडीचाच पट्टा लावतात) देऊ केलं तर दोन गोष्टी बघा: ती त्या सीटवर लिहिलेल्या उंची-वजनात बसते का, आणि गाडीत खांद्यावरून येणारा पट्टा आहे का. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर वापरायचं नसतं. जुन्या व्हॅनमध्ये आणि बसमध्ये बरेचदा तेवढाच पट्टा असतो. म्हणून शटलवाल्यांना "सीट आहे का" एवढंच विचारून थांबू नका, पट्टा कसा आहे तेही विचारा.

स्वतःची सीट न्यायची असेल तर ती त्या देशात मान्य आहे का, हे आधी बघा. अमेरिकेत विकली जाणारी सीट आणि युरोपातली सीट वेगवेगळ्या नियमांखाली तपासलेली असते. बहुतेक विमान कंपन्या लहान मुलाची सीट मोफत नेतात, पण सामानात टाकलेली सीट आपटते. जाड पिशवीत घाला आणि उतरल्यावर तडा गेलाय का ते पाहा.

मी असते तर आगाऊ ठरवलेली, फक्त आपल्यासाठीची गाडी घेतली असती. मुलांचं वय, वजन आणि उंची मेलमध्ये कळवायची, कुठल्या सीट देणार ते लेखी मागायचं, आणि विमानाचा क्रमांक द्यायचा म्हणजे उशीर झाला तरी गाडी थांबते. किती वेळ फुकट थांबते, तेही विचारून ठेवा. शटल स्वस्त पडते, पण ती बाकीचे प्रवासी येईपर्यंत थांबते आणि वाटेत इतर हॉटेलं घेते. दोन तासांचे तीन कधी होतात ते कळत नाही.

---

वरच्या मेलशी सहमत. भाड्याच्या गाडीबद्दल मात्र एक सांगतो. नंतर फिरायला हवी असेल तर दुसऱ्या दिवशी घ्या. विमानातून उतरून, अंधारात, अनोळखी रस्त्यावर, कदाचित सवयीच्या उलट्या बाजूने आणि मागे रडणारं बाळ घेऊन दोन तास चालवणं मला पटत नाही.

आणि गाडी लागण्याबद्दल. 2 वर्षांखालच्या बाळांना ते फारसं होत नाही, तुमच्या मोठीचं वय मात्र नेमकं त्यातलं आहे. आतला कान सांगतो आपण हलतोय, डोळे पुस्तकावर किंवा स्क्रीनवर खिळलेले असतात आणि ते सांगतात आपण स्थिर आहोत. त्या गोंधळातून मळमळ येते. म्हणून वाटेत टॅबलेट नको. दिवसा लांबवर बाहेर बघायला लावा. रात्री बाहेर काही दिसत नाही, तेव्हा मान टेकवून डोळे मिटून झोपू द्या. पोट तुडुंब नको आणि अगदी रिकामंही नको. औषध द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारा. गुंगी आणणाऱ्या काही गोळ्यांनी काही मुलं उलट चेकाळतात, ते वाटेत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. जाड जॅकेट काढून मगच पट्टे आवळा, नाहीतर पट्टा घट्ट वाटतो आणि आत सैलच राहतो. थंडी वाजली तर वरून पांघरूण घाला.

---

दोघांचेही मनापासून आभार. आगाऊ गाडीच घेतो, मुलांची उंची-वजनं आजच कळवते. बाबागाडीचं काय करावं? विमानाच्या दारापर्यंत नेता येते म्हणतात.

---

ताई, दारापर्यंत नेता येते, पण परत कुठे मिळणार ते टॅग लावतानाच विचारा. कधी विमानाच्या दाराशीच देतात, कधी थेट सामानाच्या पट्ट्याजवळ. पट्ट्याजवळ मिळणार असेल तर पासपोर्टच्या रांगेत बाळ कडेवर राहतं, म्हणून अंगाला बांधायचं कॅरिअर हातातल्या बॅगेतच ठेवा. डायपर बदलणं आणि मोठीची शू विमानतळावरच उरका, गाडी निघाल्यावर मग घाई होत नाही. आणि परतीची गाडीही आत्ताच ठरवा, त्याच दोन सीटसह. परतीच्या वेळी लोक रिसॉर्टच्या काउंटरवर मिळेल ती टॅक्सी घेतात, आणि तिच्यात सीट नसते.