विषय: गावभागातील जुन्या घराचे वायरिंग स्वतः बदलण्याबाबत

प्रेषक: एक सभासद, लेस्टर (इंग्लंड)

ती. काकांना सा. न. वि. वि. आणि मंडळातील सर्वांना नमस्कार.

सांगलीच्या गावभागातील आमचे घर आजोबांच्या काळातले आहे. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचे, मेन स्विचशेजारी चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि निम्म्या प्लगना अर्थिंग नाही, अशी अवस्था आहे. २०१९ च्या पुरात तळमजला पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर तेच वायरिंग वाळवून पुन्हा चालू करण्यात आले. इथल्या माझ्या घराचे वायरिंग मी स्वतः बदलले आहे. इंग्लंडच्या इमारत नियमांतील ‘पार्ट पी’ २००५ पासून लागू आहे आणि त्यानुसार नवे सर्किट टाकायचे किंवा फ्यूजबोर्ड बदलायचा असेल, तर आधी स्थानिक परिषदेच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवून शुल्क भरावे लागते. तपासणी होऊन दाखला मिळाला की घरमालकाने स्वतः केलेले कामही कायदेशीर ठरते. याच रीतीने हिवाळ्यात सांगलीला येऊन काम करावे आणि शेवटी महावितरणकडून तपासून घ्यावे, असा विचार आहे. सामान इथूनच आणले तर चालेल काय, तेही कळवावे.

प्रेषक: सांगलीचे काका

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझा बेत वाचला, आणि हौस चांगली असली तरी तो जसाच्या तसा इथे चालणार नाही. घरमालकाने काम करावे आणि नंतर त्रयस्थाने तपासावे, ही सोय आपल्याकडे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आले आणि २०२३ मध्ये नव्याने काढले गेले. मात्र १९५६ च्या जुन्या नियमांत असलेली मूळ अट तशीच राहिली आहे. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखे, मांडणीची क्षमता वा स्वरूप न बदलणारे काम वगळता बाकी सर्व काम राज्य शासनाच्या अनुज्ञप्तीधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीच्या हातून व्हावे लागते. महावितरण घरात येऊन तुझे सांधे तपासत बसणार नाही. भार वाढवून मागशील, तेव्हा ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट मात्र मागेल. गल्लीत ‘वायरमन’ म्हणवणारे पुष्कळ आहेत, त्यांतील परवाना किती जणांकडे आहे हे विचारून घ्यावे, आणि कागद पाहिल्याशिवाय उत्तरावर विसंबू नये.

तुझ्या हाताला काम राहणार नाही असे समजू नकोस. कोणत्या खोलीत किती पॉइंट हवेत, गीझर आणि एसी कुठे बसणार, याचा नकाशा तू तिथे बसून काढू शकतोस. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॉट ही मर्यादा धर, आणि १६ अँपिअरचे दोनांपेक्षा अधिक प्लग एका सर्किटवर घेऊ नकोस. पांढऱ्या मातीच्या भिंतींना खोल खाचा पाडल्या तर त्या ढासळतात, म्हणून पाइप भिंतीवरूनच उघडा न्यावा. कडीपाटाच्या आत जुनी तार तशीच सोडून वरून फळ्या ठोकू देऊ नयेत.

पुराचा विचार सर्वांत आधी करायला हवा, आणि तो इंग्लंडच्या अनुभवातून सुचणार नाही. कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. तुमच्या भिंतीवरील त्या वर्षीची खूण पाहून वितरण बोर्ड वरच्या मजल्यावर घ्यावा आणि तळमजल्याच्या तारा छताकडून खाली उतरवाव्यात, म्हणजे पाइपात पाणी आणि गाळ साठून राहणार नाही. तळमजल्याला स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) असावा. पुरात वीज बाहेरूनच बंद केली जाते हे खरे, परंतु ती परत आल्यावर खालचा भाग वेगळा ठेवून वरचा मजला चालवता येतो, आणि खालच्या तारांच्या आवरणाचा ५०० व्होल्टच्या मेगरवर (हा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) किमान १ मेगओहम रोध मिळाल्यावरच त्या जोडता येतात. नुसत्या वाळवलेल्या जुन्या तारांवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. मीटर वर हलवण्यासाठी अर्ज करावा. त्याच्या सीलला स्वतः हात लावू नये.

अर्थिंगबाबत एक हिशेब लक्षात ठेव. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्टला जमिनीत फार तर २३ अँपिअर जातील, आणि १६ अँपिअरच्या सी प्रकारच्या एमसीबीला (जादा प्रवाहावर आपोआप तुटणाऱ्या स्विचला) तत्काळ तुटण्यासाठी ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे फेजची तार आतून टेकली, तर फ्रीजचे अंग जिवंत राहील आणि एमसीबी स्वस्थ बसेल. यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पण तो आहे म्हणून अर्थिंग वगळता येत नाही.

सामान तिकडून आणू नकोस. तिकडच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, म्हणून ३२ अँपिअरचे रिंग सर्किट (बोर्डापासून निघून सर्व प्लगना वळसा घालून बोर्डात परतणारे) चालते. इथल्या प्लगमध्ये तो नसल्याने तेच सर्किट इथे केले, तर टेबललॅम्पच्या बारीक वायरीला संरक्षण राहणार नाही. रंगांचा घोळ त्याहून धोक्याचा आहे: तिकडे निळी तार न्यूट्रल, तर इथे निळा हा तीन फेजपैकी एकाचा रंग, आणि न्यूट्रल काळी.

प्रेषक: एक सभासद, बर्मिंगहॅम

काका, साताऱ्याला शनिवार पेठेतील आमच्या घरी नवा आरसीसीबी बसवताच तो वारंवार पडू लागला. तो सदोष आहे, काढून टाका, असा सल्ला तिथे मिळाला आहे. काय करावे?

प्रेषक: सांगलीचे काका

ताई, तो काढू देऊ नये. जुन्या घरात बहुधा एका सर्किटची फेज आणि दुसऱ्याचे न्यूट्रल वापरलेले असते. जिन्याच्या दोन्हीकडून चालणाऱ्या बटणावर आणि इन्व्हर्टरच्या जोडणीत हा प्रकार विशेष आढळतो. असे दिवे लावताच जाणारा आणि परतणारा प्रवाह जुळत नाही आणि आरसीसीबी त्याच्या कर्तव्याला जागून पडतो. परवानाधारकाकडून मेन बंद करून बोर्डातील सर्व न्यूट्रल सुटे करून घ्यावेत, प्रत्येक न्यूट्रल कोणत्या सर्किटचे आहे ते मीटरने ओळखून आपापल्या जागी जोडावे, आणि मेनमध्ये न्यूट्रलला वेगळा फ्यूज असेल तर तो त्याच वेळी काढून तिथे थेट लिंक बसवावी. एवढे करूनही तो पडत राहिला, तर एकेक सर्किट मेगरने तपासावे. न्हाणीघरातील गीझरपासून सुरुवात करावी.