पिंगुळीची चित्रकथी पाहायला कसे जावे?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला जाण्याचा विचार आहे. तेथे ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गाऊन कथा सांगण्याची कला, प्रत्यक्ष सादर होताना पाहायला मिळते, की केवळ जुनी चित्रे पाहून परतावे लागते?

प्रतिसाद १ : सादरीकरण पाहता येते, मात्र आधी फोन करून वेळ ठरवावी, कारण ही कलाकारांची राहती घरे आहेत. २०२१ साली पद्मश्री मिळालेले परशुराम गंगावणे आणि त्यांचे कुटुंबीय यांनी गुरांच्या गोठ्यात उभे केलेले ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ अवश्य पाहावे. कुडाळ स्थानकावरून रिक्षा मिळते.

प्रतिसाद २ : घाईने जाऊ नका, एवढीच कळकळीची विनंती. एका आख्यानाच्या चित्रसंचाला येथे पोथी म्हणतात. कथेकरी मांडी घालून बसतो, एकेक चित्र समोर उभे धरतो आणि वीणा, हुडूक (छोटे चर्मवाद्य) व टाळ यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गाऊन सांगतो. ते ऐकल्यावाचून त्या चित्रांतील टपोऱ्या डोळ्यांचे वीर अर्धेच कळतात. सावंतवाडी संस्थानाने या कलेला आश्रय दिला होता. मुलांना कळसूत्री बाहुल्या आणि पडद्यामागून उजेड टाकून नाचवल्या जाणाऱ्या चामड्याच्या बाहुल्याही नक्की दाखवा.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. चित्रे विकत घेता येतात का?

प्रतिसाद १ : नव्याने रंगवलेली घेता येतात. जुन्या पोथ्या मात्र मागू नयेत. तो त्या घरांचा वारसा आहे.