ऐकू येणे वेगळे, उच्चारता येणे वेगळे

मूल 'चप्पल'ला 'तप्पल' म्हणते, त्या अर्थी त्याला 'च' नीट ऐकूच येत नसावा, तेव्हा त्याची श्रवणचाचणी करून घ्या आणि घरात त्याच्याशी बोबडे बोलू नका, असे काही जण सांगतात. त्यातला ऐकू न येण्याचा तर्क मला पटत नाही. माझा भाचा अडीच वर्षांचा असताना असेच बोलत असे, एकदा गंमत म्हणून मीही त्याला "तुझी तप्पल कुठे आहे?" असे विचारले, तेव्हा तो चिडून "तप्पल नाही, तप्पल!" असे पुन्हा पुन्हा बजावत राहिला आणि मी 'चप्पल' म्हटल्यावरच समाधानाने "हो, तप्पल" म्हणाला. फरक कानाला कळत होता, जिभेला साधत नव्हता, इतकेच. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या भाषा-मानसशास्त्रज्ञांनी १९६० मध्ये अगदी असेच उदाहरण नोंदवले आहे: 'फिश'ला 'फिस' म्हणणाऱ्या मुलाला मोठ्यांच्या तोंडचे 'फिस' मात्र मान्य नव्हते.

त्यामुळे घरातल्यांनी कौतुकाने बोबडे बोलू नये, या मताशी मी सहमत आहे. मुलाला ते चुकीचेच वाटते. श्रवणचाचणीचा सल्लाही मी खोडून काढत नाही, विशेषतः मागून हाक मारल्यावर मूल वळून पाहत नसेल तर ती करून घ्यावीच. मात्र केवळ एका अक्षराच्या अदलाबदलीवरून कानांवर ठपका ठेवणे घाईचे होईल.